रौप्यमहोत्सवी रचनेबद्दल जाहीर आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

वृंदगान मंडळाच्या २५ वर्षांनिमित्त तुम्ही भूप रागातली नवी रचना बांधून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. २२ बायका आणि १०च पुरुष, हे आधी विचारून घेऊन तुम्ही चार आवाजांचा (वेगवेगळ्या ओळी गाणाऱ्या चार गटांचा) हट्ट सोडलात आणि तीनच लिहिलेत. दहांचे दोन भाग पाडले असते, तर खालचा आवाज ऐकूच आला नसता.

खरी अडचण पट्टीची, म्हणजे 'सा' किती उंचीवर धरायचा याची. पुरुष काळी एकचे (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा), बायका काळी चारच्या (चौथ्या काळ्या पट्टीवर). मधली पट्टी धरली की दोघांचे हाल: पुरुषांचा तार षड्ज (वरचा सा) चिरकतो, बायकांचा मध्य षड्जच (मधला सा) बसतो. तुम्ही सगळ्यांना काळी एकच दिलीत आणि बायकांचं उत्तर तिच्या पंचमावरून ('प'वरून) काढलंत. तो पंचम म्हणजेच त्यांचा नेहमीचा काळी चारचा सा! त्यामुळे मिरजेचा एकच तंबोरा सगळ्यांना पुरतो.

पण ओळ जशीच्या तशी पंचमावर उचलली, तर गंधाराच्या (ग) जागी शुद्ध निषाद (नी) येतो, जो भूपात नाहीच, आणि भूप मोडतो. पुरुषांच्या 'ग रे सा'ला बायकांचं 'नी ध प' न ठेवता तुम्ही 'सां ध प' केलंत. फरक एकाच स्वराचा. दोन्ही लागोपाठ गाऊन बघावं, म्हणजे त्याची किंमत कळते.

ओळ 'त'वर संपते तिथं ३२ जणांचे 'त' मागेपुढे तडतडतात. तुम्ही १३व्या मात्रेपर्यंत आकार (नुसता 'आ') आणि १४वीवर 'त' असं लिहूनच दिलंत. लांब स्वरावर शेजारच्या दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, परत येताना आकारातच हळू शिरायचं, व्यंजन पुन्हा उच्चारायचं नाही, ही सूचनाही फार कामाची.

आणि टिंबं! मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या स्वरलिपीत (सूर कागदावर लिहायच्या पद्धतीत) मंद्राचं, म्हणजे खालच्या सप्तकाचं, टिंब स्वराच्या वर, भातखंडे लिपीत खाली; भातखंड्यांचं वरचं टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक. जुन्या पद्धतीत शिकलेले गायक तिथं हमखास चुकतात. तुम्ही पहिल्याच पानावर लिपी कोणती ते लिहिलंत आणि टिंबं झेरॉक्समध्ये उडू नयेत म्हणून ठळक काढलीत.

दुसऱ्या मंडळांनी मागितली तर रचना द्यायला तुम्ही मोकळ्या मनानं परवानगी दिलीत. प्रत देताना प्रत्येक पानावरची टिंबं मूळ प्रतीशी ताडूनच देऊ.

आपले नम्र,
वृंदगान मंडळातील सर्व गायक-गायिका,
सांगली