पुराच्या अफवा ओळखायचा सराव पावसाळ्याआधीच घ्या

मा. संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार,

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट, ते ज्यानं बघितलंय त्याला "कोयनेतनं पाणी सोडलंय, रात्रीत घरं खाली करा" असला मेसेज आला की खरं-खोटं बघायचं सुचतच नाही. माझ्या सासूबाईंनी मागं असाच मेसेज वाचून रात्री दोन वाजता आम्हाला धान्याची पोती माळ्यावर चढवायला लावली, सकाळी कळलं की फोटो जुन्या पुरातला. आम्ही त्यांना बोललो, त्याचं आता वाईट वाटतंय, कारण भीती तर खरीच होती ना.

मग अकरावीतल्या लेकीनं त्यांना एआय चॅटबॉटपुढं बसवलं. त्याला सांगितलं, पुराचे खरे-खोटे वाटतील असे मेसेज सरावाला बनव, उत्तर लगेच सांगू नको, आजीला प्रश्न विचार. तो विचारायचा, ह्यात तारीख कुठाय, हे सांगितलं कुणी, "लगेच सगळ्यांना पाठवा" असं का लिहिलंय? दहा वेळा चुकलं तरी तो वैतागला नाही, आम्ही दुसऱ्यांदाच वैतागतो. पुढच्या आठवड्यात बचत गटाच्या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला तेव्हा सासूबाईंनीच विचारलं, गाव कुठलं, तारीख काय? २०२२ मध्ये आपल्याच जत तालुक्यात, लवंगा गावात, ह्याच संशयावरून चार साधूंना मारहाण झाली होती. तेव्हा असं विचारणारं कुणीतरी पाहिजे होतं.

अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन हजारांवर लोकांना एआयशी बोलायला लावलं, तर कटकारस्थानाच्या गोष्टींवरचा त्यांचा विश्वास सरासरी २० टक्क्यांनी कमी झाला आणि दोन महिन्यांनंतरही तो परत वाढला नाही, हे २०२४ ला 'सायन्स' मासिकात आलंय. पण आज पुलाखाली पाणी किती हे मात्र चॅटबॉटला विचारू नका, तो पण ठोकून देतो, त्यासाठी जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ ला फोन लावा.

बचत गटांत आणि शाळांत हा सराव जूनमध्येच घ्यावा, पाणी चढायला लागल्यावर कोण शिकणार? आपल्या पेपरनंही पावसाळ्यात दर रविवारी असा एक मेसेज छापून वाचकांना ओळखायला लावावा, फक्त त्याच्यावर "सराव" असं मोठ्या अक्षरात आडवं छापा, नाहीतर कुणीतरी त्याचाच फोटो काढून ग्रुपवर टाकेल.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली