आभार, हायजिनिस्ट ताई

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

दातांच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी मी तुम्हाला, दात-हिरड्या साफ करून राखणाऱ्या हायजिनिस्टला, 'सिस्टर' म्हणून हाक मारली होती आणि डॉक्टर कधी येणार, असं दोनदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर तपासून गेले, आता काम माझं." ते काम केवढं मोठं आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली. म्हणून हे चार शब्द सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या घरात दात पडणं म्हणजे वय झालं, एवढाच अर्थ होता. आई रोज सकाळी चुलीपुढे बसून मिश्री लावायची. दात शिवशिवले की दुपारी आणखी एकदा. पन्नाशीतच तिच्या सगळ्या दाढा गेल्या. पण हिरड्यांतून रक्त कधी आलं नाही, म्हणून "हिरड्या मजबूत आहेत हो" असं ती शेवटपर्यंत सांगायची. तंबाखूमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आत आजार वाढत असला तरी रक्त दिसत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आईचं मिश्रीनं काळं पडलेलं बोट आलं. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

माझं उलटं होतं. ब्रशवर लाल दिसलं की मी त्या बाजूला ब्रश लावायचेच नाही. उजवीकडच्या खालच्या दाढा अशाच महिनोन्‌महिने राहिल्या. त्यात मला डायबेटिस. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे टूथपेस्ट बदलून दिली आणि घरी पाठवलं.

तुम्ही मात्र खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे अलगद घालत गेलात. एकेका दाताच्या सहा जागा. फटीच्या खोलीचा प्रत्येक आकडा मोठ्यानं सांगत होतात आणि शेजारची मुलगी लिहून घेत होती. "दोन, तीन, दोन." तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चारच्या पुढे काळजी, हे आधीच समजावलं होतंत. उजव्या दाढेपाशी "सहा" ऐकलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तुम्ही थांबलात, माझ्या हातात आरसा दिलात आणि खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दाखवलीत. तिथे पिवळट, खरखरीत किटणाची कड होती. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून लाळेतलं कॅल्शियम तिथे दातांवर साचलेल्या मऊ थरावर लवकर बसतं. तो थर एकदा दगडासारखा झाला की कितीही घासा, ब्रशनं निघत नाही.

स्केलिंग, म्हणजे मशीननं किटण काढणं, झालं त्या रात्री जिभेला दातांमधल्या फटी लागल्या आणि मला झोप आली नाही. मशीननं दात ढिले होतात, असं शेजारणीनं सांगितलंच होतं. सकाळी फोन केला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की त्या फटी आधीपासूनच होत्या, किटणानं बुजल्या होत्या, आणि सूज उतरली की हिरडी आकसते म्हणून दात लांब दिसतात. "थोडं हाड मात्र आधीच गेलंय. ते साफसफाईनं परत येणार नाही. आहे ते आपण राखू." खोटा दिलासा दिला नाहीत. तुमच्यावर माझा विश्वास बसला तो याच वाक्यामुळे.

पुढच्या वेळी ब्रश करून आले तरी तुम्ही राहिलेल्या थराला चिकटणारा गुलाबी रंग लावून दाखवलात. हिरडीच्या कडेला सगळीकडे गुलाबी! ब्रश तिरका धरून हिरडीच्या कडेवर हळूहळू कसा फिरवायचा, दाढांमधल्या फटीत बारीक ब्रश कसा घालायचा, हे तुम्ही माझा हात धरून शिकवलंत. रक्त येतं ती जागा सोडायची नाही, तिथेच हलक्या हातानं जास्त वेळ द्यायचा. दीड महिन्यानं त्याच दाढेचा आकडा चार आला, तेव्हा माझ्याआधी तुमचा चेहरा फुलला होता.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी येते. खोल फटीत ब्रश पोचत नाही, तिथे थर पुन्हा जमतो, हे आता मला सांगावं लागत नाही. हिरड्यांची सूज साखर वाढवते आणि वाढलेली साखर हिरड्यांना सुजवते, म्हणून तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्टही तुम्ही दर वेळी मागून बघता. भाचीच्या लग्नाच्या धावपळीत मी दोन वेळा चुकवल्या, आकडे चढले. तुम्ही रागावला नाहीत, नवे आकडे लिहून कामाला लागलात.

1948 च्या दंतवैद्यक कायद्यातच हायजिनिस्टची वेगळी नोंद ठरवली होती, त्यासाठी दोन वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं, हे मला खूप उशिरा समजलं. 'सिस्टर' म्हटल्याबद्दल माफ करा.

पुढच्या सोमवारी वहिनींना घेऊन येतेय. त्या अजून मिश्री लावतात, आणि मशीननं दात हलतील म्हणून घाबरल्या आहेत. त्यांना आधी आरसा द्या.

तुमची,
सोमवारची अकराची पेशंट