संध्याकाळी सहाचा संदेश: नवी मुंबईच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका, बेलापूर

विषय: साथीच्या काळातील आरोग्यविषयक माहिती आणि नागरिकांची मोबाइलची सवय

महोदय,

साथ आली की ठिकठिकाणी फलक लागतात: "अफवांवर विश्वास ठेवू नका." कोणती अफवा, आणि खरे काय, हे फलकावर नसते. वाचणारा आणखी अस्वस्थ होतो आणि खिशातला मोबाइल काढतो. मोबाइल पुन्हा पुन्हा काढायची ही सवय लावण्यात सरकारी यंत्रणेचाही वाटा आहे, आणि तो कमी करणे आपल्या हातात आहे, एवढ्यासाठी हे पत्र.

2021चा उन्हाळा आठवा. 28 एप्रिलला 18 ते 44 वयोगटाची कोरोना लसीसाठी कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी सुरू झाली. स्लॉट कधी उघडेल याचा नेम नव्हता आणि उघडला की काही मिनिटांत संपत असे. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसले की माणूस जास्त चिवटपणे प्रयत्न करत राहतो, हे वर्तनशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. समाजमाध्यमांची फीड त्यावरच चालते आणि त्या उन्हाळ्यात लसीकरणही नकळत तसेच चालले. स्लॉट मिळेपर्यंतच्या वेळात लोकांनी पाहिले काय? कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो, दिवसातून पाच वेळा वाफ घेतली की विषाणू मरतो, वगैरे. वाफेने विषाणू मरत नाही, मुले मात्र उकळत्या पाण्याने भाजतात. एकच विधान वारंवार दिसले की ते खरे वाटू लागते, हे 1977 सालीच प्रयोगाने दाखवून दिले आहे. सुशिक्षित माणूसही त्याला अपवाद नाही, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवरच्या निवृत्त अधिकाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिली मागणी वेळेची. साथ जाहीर झाल्यापासून ओसरेपर्यंत पालिकेची माहिती रोज संध्याकाळी सहा वाजता, एकदाच यावी. सहाला दिवसभराचे आकडे बऱ्यापैकी जमलेले असतात आणि उद्या कोणत्या केंद्रावर जायचे हे ठरवायला रात्र हाताशी राहते. रात्री अकराला टाकलेली यादी लोकांना अंथरुणातून मोबाइलकडे ओढते. सांगण्यासारखे काही नसेल त्या दिवशीही संदेश जावाच: "आज नवीन सूचना नाही, कालचीच लागू आहे." ही ओळ कार्यालयात कोणाला निरर्थक वाटेल, पण सहानंतर मोबाइल खाली ठेवायची मुभा तीच देते. एक दिवस चुकला की लोक पुन्हा दर तासाला पाहू लागतात.

संदेश विभागवार असावा. बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा या आठ विभागांचे आठ व्हॉट्सॲप चॅनेल पुरेत. पीडीएफ नको: जुन्या, भरलेल्या फोनवर ती उघडत नाही, आणि प्रेसनोटची भाषा घरात कोणी मोठ्याने वाचत नाही. साधा मजकूर ठेवा, साठ ते ऐंशी शब्दांचा, मराठीत आणि हिंदीत. सोबत चाळीस सेकंदांची ध्वनिफीत द्या आणि आवाज त्या विभागातल्या नागरी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा किंवा परिचारिकेचा (एएनएम) घ्या. पहिल्या ओळीत तारीख आणि विभाग, शेवटच्या ओळीत "ही सूचना अमुक तारखेपर्यंत लागू". तारीख फक्त चित्रात असली तर कापलेले चित्र वर्षभराने पुन्हा फिरते, आणि चित्रातला मजकूर शोधताही येत नाही.

यात एक तांत्रिक अडचण आहे, ती आधीच लक्षात घ्यावी. पाच किंवा अधिक वेळा पुढे गेलेल्या व्हॉट्सॲप संदेशावर दोन बाणांची खूण येते आणि एप्रिल 2020पासून तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. हा नियम पालिकेच्या संदेशालाही लागतो. उलट अफवा पसरवणारा मजकूर कॉपी करून नव्याने टाकतो आणि खूण पुसली जाते. म्हणजे नियम पाळणारा अडकतो, दुसरा सुटतो. त्यावर उपाय म्हणजे सोसायटीचे सचिव, बचत गट, माथाडी वसाहतींतले कार्यकर्ते आणि गावठाणांतली मंडळे यांनी संदेश थेट चॅनेलवरून घ्यावा, एकमेकांकडून नव्हे. कोपरखैरणे-घणसोलीत गावाकडच्या ग्रुपवरून येणारा मजकूर इथल्या सोसायटीच्या ग्रुपइतकाच वजनदार असतो, हेही विसरू नये.

आता खंडनाविषयी. प्रत्येक अफवेला उत्तर देणारा कक्ष उघडू नये (आणि त्याच्या उद्घाटनाचा फोटो तर नकोच). चार घरांत पोहोचलेली अफवा पालिकेने खोडली की ती चार लाखांना कळते. त्यापेक्षा प्रत्येक केंद्रात चार रकान्यांची वही ठेवा: काय ऐकले, कुठून, कोणत्या वस्तीत, कधी. आशा सेविका आणि केसपेपरच्या खिडकीवरचे कर्मचारी ती भरतील. एकच गोष्ट आठवड्यात तीन केंद्रांवर दिसली तर उत्तर द्या. अपवाद अंगावर बेतणाऱ्या गोष्टींचा: काही प्या, हुंगा, औषध बंद करा असे कोणी सांगत असेल तर त्याच दिवशी. दारूने कोरोना जातो या समजुतीतून 2020मध्ये इराणमध्ये शेकडो माणसे मिथेनॉल पिऊन दगावली. उत्तरात आधी खरी गोष्ट, मग अफवेचा एका वाक्यात उल्लेख, ती का चुकते, आणि शेवटी पुन्हा खरी गोष्ट. अफवेचे मूळ चित्र वापरू नये.

सल्ला बदलला तर कारणासह सांगा. कोरोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा दिल्याने मध्यम आजारी रुग्णांचा आजार बळावणे किंवा मृत्यू टळत नाही, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 464 रुग्णांवरील चाचणीतून ऑक्टोबर 2020मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा मे 2021मध्ये वगळला गेला. मधले सात महिने लोक दात्यांसाठी ग्रुप धुंडाळत होते. "आधी हे सांगितले होते, आता हे सांगतो, कारण हे" अशा तीन ओळी पुरतात. त्या न दिल्यास "यांनाच काही कळत नाही" हे लोकांचे मत होते, आणि ते साथ ओसरली तरी राहते.

व्यसनाविषयी थोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-11) गेमिंगचा विकार आहे, समाजमाध्यमांचे व्यसन नाही, म्हणून केसपेपरवर तसे निदान लिहू नये. मात्र समाजमाध्यमांची सवय मोजणाऱ्या बर्गन मापनश्रेणीचे सहा प्रश्न पाच मिनिटांत विचारून होतात: सतत तोच विचार, वापर वाढत जाणे, अडचणी विसरण्यासाठी वापर, कमी करण्याचे फसलेले प्रयत्न, बंद केल्यास बेचैनी, काम-अभ्यासावर परिणाम. प्रत्येकाला 1 ते 5 गुण, एकूण 6 ते 30. आकड्याहून त्यातून सुरू होणारे बोलणे मोलाचे. विलगीकरणातल्या माणसाला "मोबाइल ठेवा" म्हणणे निरुपयोगी, कारण घरच्यांशी तोच दुवा असतो. त्याला सांगावे की व्हिडिओ कॉल हवे तितके कर, बातम्या मात्र सहाच्या संदेशापुरत्या. ऑटोप्ले आणि ग्रुपच्या सूचना बंद, चार्जर उशाजवळ नको. झोप उडाली असेल, घबराट थांबत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक केसपेपरवर छापलेला असावा.

हे सगळे पुढच्या महासाथीपर्यंत थांबवायचे कारण नाही. पावसाळ्यात डेंग्यू येतोच आणि पपईच्या पानांचा रस व प्लेटलेटच्या आकड्यांचे संदेशही येतात. तुर्भे आणि कोपरखैरणे या दोन विभागांत जूनपासून सुरुवात करावी. पहिला संदेश असा असू शकेल: "ताप उतरला म्हणजे डेंग्यू संपला असे नाही. ताप उतरताना पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालयात जा. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट सहसा दहा हजारांच्या खाली गेल्यावरच चढवतात. तापासाठी पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको."

सप्टेंबरअखेर केंद्रांतल्या वह्या तपासाव्यात. संदेश कितीदा सहाला गेला आणि कितीदा चुकला, हा आकडा पालिकेने स्वतःहून जाहीर करावा. चॅनेलला किती लोक जोडले गेले, हा आकडा नंतर दिला तरी चालेल.

आपले,
आरोग्यसंवाद आणि मानसिक आरोग्य क्षेत्रांत काम करणारे नवी मुंबईचे काही रहिवासी