हिवाळ्यात अ‍ॅव्हरेज पडलं की ड्रायव्हरच चोर का?

संपादक साहेब, नमस्कार.

डिसेंबर लागला की आमच्या वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांच्या प्रत्येक चहाटपरीवर एकच रडगाणं, गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, पिकअप राहिला नाही, आणि गुन्हेगार दोनच, एक तर "हिवाळ्याचं पातळ डिझेल" नाहीतर ड्रायव्हर. मी दुसरा पकडला होता, म्हणून हे पत्र.

झालं असं की संत्री भरून माझी गाडी नागपूरच्या कळमना बाजारातून दिल्लीला गेली, ११०० किमीच्या आसपास, एरवी लोडवर लिटरला चार किमीचं अ‍ॅव्हरेज म्हणजे २७५ लिटर, यावेळी लागलं ३००. मी सरळ ड्रायव्हरचे २५ लिटरचे पैसे कापले. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, ग्वाल्हेरच्या पुढं धुक्यात दोन रात्री गाडी उभी होती ना बापा, इंजिन बंद करून कुडकुडत बसू काय?" मी काही ऐकून घेतलं नाही.

नंतर मेस्त्री आणि पंपावरचा एक जुना माणूस, दोघांचं डोकं खाल्लं तेव्हा कुठं समजलं. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत त्यानं डिझेल आधी धुरकट होतं, मग ते मेण फिल्टरमध्ये अडकतं आणि गाडी ओढेनाशी होते, म्हणून आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी डिझेलचा नियमच बदलतो. ज्या तापमानाला डिझेल फिल्टर तुंबवायला लागतं, त्याची मर्यादा उन्हाळ्यात १८ अंश चालते, हिवाळ्यात ती ६ अंशांपर्यंत खाली आणावी लागते. (२९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ वर गेलं होतं, म्हणजे सहाच्याही खाली, पण १८ आणि ६ हे कमाल आकडे झाले, प्रत्यक्ष डिझेल बरेचदा त्याहून चांगलं येतं, माझी गाडी त्या सकाळी दोन सेल्फमध्ये सुरू झाली होती.)

आता अ‍ॅव्हरेजचं. हिवाळ्याच्या हलक्या डिझेलमध्ये लिटरमागे ताकद कमी असते हे खरंच आहे, अमेरिकेत कडाक्याच्या थंडीत रॉकेलसारखं एक नंबरचं डिझेल मिसळतात तिथं दोन-तीन टक्के फरक पडतो, आपल्याकडे तेवढी थंडीच नाही तर फरक कमीच असणार, पण धरा तीन टक्के, तरी माझ्या २७५ लिटरवर आठ लिटर होतात, बाकीचे सतरा गेले कुठं? ते धुक्यात गेले. उभ्या गाडीचं मोठं इंजिन तासाला दोन-अडीच लिटर खातं, दोन रात्री चार-चार तास धरले की हिशेब जुळला. वर टायरची हवा थंडीनं उतरते, इंजिन ऑइल, गिअर ऑइल घट्ट होतं, आणि पहाटेची गार हवा मे महिन्यातल्या दुपारपेक्षा दहाएक टक्के जड असते, ती कापत जायला जोर लागतोच. खरं तर गार हवेनं टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाला, फायदाच होतो, त्यामुळं पिकअप गेला असेल तर आधी डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बघा, पंपवाल्याशी भांडण नंतर.

काही जण अजूनही टाकीत रॉकेल ओततात, बीएस सहा, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाडीत तर हे करूच नका, इंजिनाचा डिझेल पंप आणि इंजेक्टरला डिझेलचंच वंगण असतं, ते गेलं की खर्च ऐकूनच ताप येतो. टाकीखाली शेकोटी करणारेही पाहिलेत मी, त्यांना काय बोलावं.

खरा घोळ वर उत्तरेत जाणाऱ्यांचा आहे. नागपूरहून ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गानं सरळ काश्मीरपर्यंत जाता येतं, पण खालचं डिझेल काझीगुंडच्या बर्फात कामाचं नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये पानिपत रिफायनरीतून उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं वेगळं डिझेल काढलं, आमच्या कितीतरी ड्रायव्हरांना ते माहीतच नाही, टाकी अर्धी ठेवून वरती जाऊन भरायची एवढं तरी कोणी सांगायला हवं.

पंपावर डेन्सिटीचा, म्हणजे डिझेलच्या घनतेचा आकडा रोज लिहितातच, त्याच्या शेजारी "टाकीत हिवाळी डिझेल आलं" एवढी एक ओळ खडूनं लिहायला किती वेळ लागतो? आपल्या पेपरमधून हे जरा लावून धरा. आणि हो, त्याचे कापलेले पैसे मी संक्रांतीला परत केले.

आपला,
एक ट्रकमालक, वाडी, नागपूर