पाणी तपासायला माणसं हवीत, बाटल्याही हव्यात

ग्रामस्थ, सोसायट्यांमधले रहिवासी आणि भाडेकरू, सगळ्यांना नमस्कार. (भाडेकरूंनाही मुद्दाम. पाणी त्यांच्याही नळाला तेच येतं.)

३० जून २०२१ ला पुणे महापालिकेच्या हद्दीत २३ गावं आली, त्यात आपलंही आलं. त्याआधी २०१७ मध्ये ११ आली होती. ग्रामपंचायत गेली, विहीर, टाकी आणि गावातली लाइन मात्र जुनीच राहिली. पंचायतीच्या काळात पाण्यावर लक्ष ठेवणारा जलसुरक्षक असायचा. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकली का, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी) घेतली का, हे त्याला पारावर अडवून विचारता यायचं. न टाकल्यास शिव्याही तिथेच खायचा. आता कुणाला अडवायचं? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा तर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकही उरला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण निघाले. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत होती. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला, तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या मांसातून पसरतो. धरण आपल्या उशाला, आणि घरोघरी पाणी उकळायची पातेली चढलेली. दोष कुणाचा, यावर पारावर पुरेसं बोलून झालंय.

आम्ही काही जणांनी ठरवलंय की दर रविवारी विहीर, टाकी, टँकर आणि लाइनच्या अगदी शेवटच्या नळाचं पाणी तपासायचं. शेवटचा नळ महत्त्वाचा, कारण टाकीजवळ क्लोरीन भरपूर असतं आणि टोकाला जाईपर्यंत संपतं. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. ओटीचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही, तर क्लोरीन पोहोचलेलं नाही. जंतूंसाठी एचटूएसची बाटली (पाण्यात जंतू असले की काळी पडणारी तपासणीची बाटली) लागते. एक-दोन दिवसांत ती काळी पडली की ते पाणी पिऊ नये. नोंद वहीत राहील आणि तिची प्रत दर महिन्याला क्षेत्रीय कार्यालयात पोहोच घेऊन देऊ.

ओटीच्या आणि एचटूएसच्या बाटल्या हव्यात. पैसे देणाऱ्याला पावती मिळेल, पण बाटल्याच आणून दिल्यात तर हिशेब सोपा. दुचाकीवाली चार मुलं-मुली हवीत. आणि सगळ्यांत जास्त गरज आहे ती पंचायतीत व्हॉल्व्ह सोडायचं काम केलेल्या काकांची. जमिनीखाली कुठली लाइन कुठे जाते आणि गटाराला कुठे चिकटते, ते त्यांच्याच डोक्यात आहे. कागदावर आम्हाला तरी सापडलेलं नाही.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता, जुन्या ग्रामपंचायत कार्यालयासमोर. येताना घरच्या नळाचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणा.

पाणी तपासणी गट, आपलं गाव