जाहिरातवाला क्लाइन कुठं गेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला फोटोग्राफर विल्यम क्लाइनवरचा लेख वाचला. मराठी पेपरात या माणसाला अर्धं पान मिळालं हेच खूप झालं, त्याबद्दल आभार. पण लेखात न्यूयॉर्कच्या फोटोंचं पुस्तक आलं, 'व्होग' हे फॅशनचं मासिक आलं, मोहम्मद अलीवरची डॉक्युमेंटरी आली आणि टीव्हीसाठी अडीचशेच्या वर जाहिराती केल्या त्याबद्दल एक ओळ नाही! अहो अडीचशे म्हणजे काय हौस म्हणून करतं का कोणी?

मी मिरजेत तीस वर्षं स्टुडिओ चालवतोय, लग्नं, मुंजी, पासपोर्ट, मधल्या काळात लोकल केबलसाठी साडीवाल्यांच्या सराफांच्या जाहिरातीपण शूट केल्या, म्हणून जरा लागलं. आमच्या घरचेच पाहुण्यांना सांगतात, फोटो छान काढतो हो, पण पोटासाठी लग्नं करतो. ऐकणाऱ्याला वाटावं याला बायका किती!

त्याचा तो १९५४ चा फेमस फोटो घ्या. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एक पोरगं पिस्तूल थेट लेन्सवर रोखतंय, तोंड वेडंवाकडं केलेलं, आणि शेजारचं बारकं पोर शांतपणे त्याच्याकडं बघतंय. लोक म्हणतात काय क्षण पकडलाय. क्लाइननं स्वतःच सांगितलंय की जरा टेरर दिसा असं मीच म्हटलं त्यांना. म्हणजे आम्ही नवरदेवाला 'जरा हसा की' म्हणतो तेच झालं ना!

आणि उलटं बघा. १९६० ला रोममध्ये 'व्होग'साठी फॅशनचं शूट, चक्क धंद्याचं काम. पट्ट्यापट्ट्यांचे ड्रेस घातलेल्या मॉडेल झेब्रा क्रॉसिंगवरून इकडून तिकडं चालतायत आणि हा लांब पायऱ्यांवर टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावून उभा, त्यामुळं कॅमेरा आहे हे खाली कुणाच्या लक्षातच नाही, मग पुरुषांनी चावटपणा सुरू केला आणि शूट आवरतं घ्यावं लागलं. आता हा फोटो रस्त्यावरचा म्हणायचा का फॅशनचा, सांगा तुम्हीच. त्याच फॅशनवाल्यांची त्यानं १९६६ च्या 'हू आर यू, पॉली मॅगू?' या सिनेमात यथेच्छ टिंगल केली, मॉडेलना पत्र्याचे ड्रेस घातले, त्यात एकीला कापतंसुद्धा!

२०२२ ला ९६ व्या वर्षी तो पॅरिसमध्ये गेला. एवढ्या लांब कारकिर्दीतला हा धंद्याचा भाग गाळला तर उरलेला क्लाइन अर्धाच राहतो असं माझं मत. पुढच्या वेळी त्याच्या जाहिरातींमधली एखादी फ्रेम छापाल का? नवीन पोरं माझ्याकडं शिकायला येतात, त्यांना दाखवीन.

आपला,
एक स्टुडिओवाला वाचक, मिरज

ता.क. त्याचा पहिला कॅमेरा सैन्यात असताना पोकरमध्ये जिंकलेला, तेपण लेखात नव्हतं. माझा पतसंस्थेच्या कर्जावरचा, हप्त्याची तारीख अजून पाठ आहे.