ताई, माझी बॅग हलकी केल्याबद्दल

ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. आणि एका हातात रॉड, पाठीवर एवढीशी बॅग अशा थाटात वाळूवरून झपझप चालत गेलेल्या तुम्हाला ज्यांनी पाहिलंय, त्यांना नाव सांगायची गरजही नाही. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय ते मुद्दाम. गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, लागलेल्या माणसाला काय काय घ्यावं हे सांगणारे ढिगाने भेटतात. ‘हे घरी ठेव’ असं म्हणणारं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं भेटलं नाही.

तुमची पहिली अट मला आधी विचित्र वाटली होती. सामानाचं नंतर बोलू, आधी किती चालायचं ते ठरव, असं तुम्ही म्हणालात. गाडी लागते त्या जागेपासून शंभर पावलांत सगळेच गळ टाकून बसलेले असतात. मासा मात्र वाळूच्या दांड्यामागच्या (पाण्यातल्या वाळूच्या उंचवट्यामागच्या) पन्हळीत, म्हणजे खोलगट चरात फिरतो, आणि ती पन्हळ कधी एक किलोमीटरवर असते, कधी चार. ती शोधत जायचं तर वजनाचा हिशेब जमिनीच्या नियमाने करून भागत नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी 1998 साली माणसांना वाळूवर चालवून मोजमाप केलं होतं. त्याच वेगाने टणक जमिनीवर चालायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या 2.1 ते 2.7 पट वाळूत लागते, असं त्यांना आढळलं. ते वाचलं तेव्हा तुमचं बोलणं आठवलं: ‘घरात बॅग उचलून बघू नकोस, घरात सगळंच हलकं लागतं.’

आणि परतीचं गणित! हे तर मी स्वतः कधीच मांडलं नसतं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघालं की पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू मिळते, पाय रुतत नाही. शिवाय पाणी उतरलेलं असताना किनाऱ्याचा नकाशा उघडा पडतो. दांडा कुठे तुटलाय, पन्हळ कुठे खोल आहे, पाण्याचा रंग कुठे गडद आहे, लाट कुठे फुटते आणि कुठे न फुटता तशीच आत येते, सगळं दिसतं. मग चढत्या पाण्यात गरवायचं. पण ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, आणि परत फिरेपर्यंत ती घट्ट पट्टी पाण्याखाली गेलेली असते. थकलेल्या पायांना वरच्या भुसभुशीत वाळूतून यावं लागतं, तेही मासा मिळाला असेल तर त्याचं वजन घेऊन. म्हणून बॅग परतीच्या हिशेबाने भरायची, हे तुमचं वाक्य मी आता दुसऱ्यांना सांगत सुटलोय. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर काही ठिकाणी कड्याखालची वाट पूर्ण बुडते. तिथे बॅग हलकी असून उपयोग नाही, वेळेवर निघावंच लागतं.

तुम्ही माझी बॅग ताडपत्रीवर रिकामी केलीत ती संध्याकाळ अजून लख्ख आठवते. शिशाची वजनं बाहेर आली, एकेक 120 ग्रॅमचं, आठ. तुम्ही ती हातात तोलून नुसतं ‘किलोभर’ म्हणालात आणि बाजूला ठेवलीत. मग आमिषाचा डबा, त्याचा बर्फ, कापायची फळी, सुरी, रॉड उभा करायचा पाइप, जादा रील, घडीची खुर्ची. प्रत्येक वस्तू उचलून एकच प्रश्न: ‘हे नसतं तर आज काय अडलं असतं?’ खऱ्या आमिषाऐवजी कृत्रिम वापरायचं म्हणून आमिषाचा डबा गेला, तसे त्याचे सगळे नातेवाईकही गेले. फळी नको, सुरी लहान चालते, आणि कृत्रिम आमिष सतत ओढत राहायचं असल्यामुळे रॉड हातातच असतो, म्हणजे पाइप नको.

उरलं ते इतकं कमी होतं की मला धास्ती वाटली. साडेनऊ फुटी, 15 ते 40 ग्रॅमचं आमिष फेकणारा रॉड, चार हजार आकाराचं रील, त्यावर 20 पौंड ताकदीची ब्रेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी. त्याच ताकदीच्या नायलॉनच्या तंगुसापेक्षा ही जवळपास निम्म्या जाडीची, म्हणून लहान रीलवरही दीड-दोनशे मीटर आरामात बसते आणि हलकं आमिषही लांब जातं. चपट्या डबीत सहा आमिषं: दोन धातूचे चमचे, दोन मेटल जिग (माशाच्या आकाराचे धातूचे तुकडे), दोन रबरी मासे वजनदार डोक्यासकट. फ्लुरोकार्बन लीडरची, म्हणजे ब्रेड आणि आमिष यांच्यामध्ये जोडायच्या पारदर्शक दोरीची, दोन-तीन मीटरची वेटोळी. ब्रेडला लीडर जोडणारी एफजी गाठ घरीच मारून ठेवायची, कारण वाऱ्यात ओल्या बोटांनी ती नीट बसत नाही. किनाऱ्यावर तुटलंच तर डबल युनी ही सोपी गाठ मारून काम चालवायचं. मी ‘एवढ्याशाने लांब कसं जाणार?’ असं विचारलं, तेव्हा तुम्ही समोरच्या पन्हळीकडे बोट दाखवलंत. ती पंचवीस पावलांवर होती. माझी जुनी बारा फुटी रॉड त्या पन्हळीच्या डोक्यावरून पलीकडे, रिकाम्या दांड्यावर शिसं नेऊन टाकत असे.

खाण्यापिण्याबद्दल मात्र तुम्ही अजिबात कंजूष नाही, आणि माझे खरे आभार या भागासाठी आहेत. बॅगेत आधी पाणी आणि खाणं, मग उरलेल्या जागेत आमिषं. बहुतेकांचं याच्या उलट असतं, आणि म्हणून बहुतेक जण मासा लागायची वेळ येते तेव्हाच डोकं दुखतंय म्हणून परत फिरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात काटकसर नाही. उन्हात अर्ध्या दिवसाला दोन लिटर. त्यातली एक बाटली आदल्या रात्री गोठवायची, वर थोडी जागा सोडून, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. ती सगळ्यात शेवटी प्यायची. मासा मिळाला तर तीच त्याचा बर्फ.

शेंगदाण्याच्या बाटलीची युक्ती तर मी रोजच्या आयुष्यातही वापरू लागलोय. खारे शेंगदाणे आणि बदाम रुंद तोंडाच्या लहान बाटलीत भरायचे आणि सरळ तोंडात ओतायचे. हाताला माशाचा चिकटा असतो, वाळू असते, सनस्क्रीन असतं, त्यातलं काहीही खाण्याला लागत नाही. शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी, घामातून गेलेलं मीठही थोडं भरून निघतं, आणि एक हात कायम रॉडवर. जोडीला बी काढलेले खजूर. उकडलेली अंडी फक्त सकाळच्या पहिल्या तासात संपवायची असतील तरच. केळी मी हट्टाने नेली होती, त्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. चॉकलेट वितळतं, वेफर्सची पुडी वजनाला नगण्य पण निम्मी बॅग अडवते. आणि तुमचा नियम, भूक लागायची वाट पाहायची नाही, तासातासाला जागा बदलताना चार घास. नवीन जागी पोचलं की लक्ष पाण्यात जातं, मग कुणाला खायचं सुचत नाही.

काही गोष्टींना तुम्ही हात लावू दिला नाहीत तेही लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हलकं म्हणजे उघडंबोडकं. हेडलँप, दिवसा जायचं असलं तरी. गळ बोटात घुसला तर तो कापता येईल अशी पक्की पक्कड. लहान पट्ट्या, जंतुनाशक, शिट्टी. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. गळांच्या टोकाचे उलटे काटे त्याच पक्कडीने आधीच दाबून टाकायचे, म्हणजे सोडायचा मासा पटकन सुटतो आणि आपलं बोटही. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून किनाऱ्यावरून निघायचं. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते आणि मोकळ्या वाळूवर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपणच.

मासा न्यायचा तर एकच, हेही तुमचंच. कल्ला कापून लगेच रक्त काढायचं, पोट साफ करायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून गोठलेल्या बाटलीसोबत घडीच्या इन्सुलेटेड पिशवीत. पिशवी रिकामी असताना बॅगेत पाठीच्या बाजूला सपाट बसते, पाठीला टोचत नाही.

आता थोडं भांडण, कारण नुसती स्तुती तुम्हाला खपत नाही. समुद्र उसळलेला असताना, किनाऱ्यालगत आडवी ओढ जोरात असताना हे हलकं सामान हरतं. तीस ग्रॅमचा चमचा टाकताच वाहून बाजूला जातो. तेव्हा लांब रॉड, वाळूत रुतणारं तारांचं शिसं आणि खरं आमिष हेच चालतं. अशा दिवशी मी चालत नाही, गाडीजवळच बसतो, आणि हो, खुर्चीवर बसतो. तुम्ही अशा दिवशी घरी राहता. यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

आणि थर्मास. तुमच्या मते तो अर्धा किलोचा लाड आहे. पहाटेच्या गार वाऱ्यात, बोटं सुन्न झाल्यावर गरम कॉफीचे चार घोट मिळाले की गाठ मारता येते, हे मी तुम्हाला दोनदा दाखवलंय. दोन्ही वेळा तुम्ही माझ्याच कपातली प्यायलात, तेव्हा हा मुद्दा माझ्या बाजूने धरतो.

पुढच्या उधाणाच्या आदल्या दिवशी पाणी भल्या पहाटे उतरतंय. त्या लांबच्या वळणापलीकडे दांडा तुटल्यासारखा दिसला होता, तिथपर्यंत जाऊन बघू. तुमची बॅग आहे तेवढीच राहू द्या, थर्मास माझ्याकडे असेल आणि कप दोन असतील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा,
आता हलक्या पाठीने चालणारा एक जण